साक्षीदाराचं शेवटचं वाक्य

राज्याच्या आरोग्य खात्याचे सचिव अजून 'निधी' एवढंच म्हणाले होते, पुढचे शब्द त्यांच्या घशातच होते, आणि समोर बसलेल्या लघुलेखिकेच्या पेन्सिलीने 'निधीअभावी' लिहूनसुद्धा टाकलं होतं. गळासारखा एक आडवा आकडा, त्याच्या पोटात टिंब, बस्स. मग सचिवांनी 'अभावी' म्हटलं आणि खोडायचा प्रश्नच आला नाही, कारण हाताने बरोबर ओळखलं होतं. ती त्या आकड्याकडे बघत राहिली, म्हणजे बघितल्यासारखं केलं, कारण हात तर पुढे गेला होता. लघुलिपीच्या कुठल्याही पुस्तकात ही खूण नाही. 'माननीय अध्यक्ष महोदय'ला आहे, 'या ठिकाणी मी सांगू इच्छितो'ला आहे; अशी बिनकामाची लांबलचक वाक्यं एका फटक्यात उरकता यावीत म्हणून शहाण्या माणसांनी खुणा करून ठेवल्यात. पण 'निधीअभावी'ची खूण तिची तिने बनवली होती. कधी बनवली, तेही आठवत नव्हतं. जो शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, त्याला हात न विचारता तोकडा करून टाकतो. तिला स्वतःच्या उजव्या हाताचा राग आला. साधासुधा नाही, डाव्या हाताने फाडकन चापट मारावी असा. पण सचिव बोलत होते, आणि एकोणीस वर्षांत माइक चालू असताना तिचा हात एकदाही थांबला नव्हता.

सुनावणी होती खासदारांच्या समितीची. ज्यांना स्वतःच्या पैशाने आजारी पडणं परवडत नाही, त्यांच्यासाठी राज्य सरकार आरोग्य विमा चालवतं. त्यातला मोठा वाटा केंद्राने द्यायचा असतो. आजारी माणसं वाढली, औषधं महागली, पण केंद्राचा वाटा चार वर्षं होता तिथेच ठाण मांडून बसला होता. तो वाढवावा असा एक ठराव आला होता. आज समितीने होकार दिला तर तो सभागृहात जाणार, नाही दिला तर फाइल कपाटात, आणि पुढच्या एक तारखेपासून राज्य काही सेवा बंद करणार. इतकं साधं होतं. त्यासाठी लांब टेबलामागे नऊ खुर्च्या, त्यांतल्या पाच भरलेल्या, मधल्या खुर्चीत अध्यक्ष. अध्यक्षांना सुनावणी चालू असताना आपली टपालातली पत्रं सह्या करून हातावेगळी करायची सवय होती. वाईट माणूस नव्हता तो. लिफ्टमध्ये तिला बघून 'कितवा मजला, बाई?' असं विचारायचा, दर वेळी, आणि ती सांगायची. सहा वर्षं तो तिच्याच मजल्यावर उतरत होता.

तिचं टेबल खासदारांच्या टेबलाच्या खाली, साक्षीदाराच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. साक्षीदाराचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. पण श्वास लिहायचा नसतो. रडणं लिहायचं नसतं, हुंदका लिहायचा नसतो, खुर्ची मागे सरकली तर लिहायचं नसतं. प्रत्येक साक्षीदाराला तीन मिनिटं. तीन मिनिटांनी घंटी वाजते आणि कोपऱ्यातला माणूस बटण दाबून माइक बंद करतो. माइक बंद झाला की ध्वनिमुद्रण बंद आणि पेन्सिलही बंद. तिला शिकवणारे म्हातारे लघुलेखक, ज्यांना सगळं खातं मास्तर म्हणायचं, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "माइकमध्ये गेलं नाही ते बोललं गेलंच नाही, समजलीस? आणि अर्थाकडे लक्ष देऊ नकोस. अर्थ कळायला लागला की वेग पडतो." हे मात्र शंभर टक्के खरं. ती पहिले सहा महिने समजून घेत लिहायची आणि मागे पडायची. मग एक दिवस कानातून थेट हातात उतरायला लागलं, मधल्या डोक्याला वळसा घालून, आणि मास्तरांनी तिला सगळ्यांसमोर चहा पाजला. एकोणीस वर्षं. त्या नोंदींचे खंड कापडी बांधणीत तळमजल्यावर रचून ठेवलेत, हजारो पानं तिच्या हातची, आणि त्यात तिचा स्वतःचा एक शब्द नाही. याचा तिला अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाची तिला शिसारी आली.

दादा तिला म्हणायचा, टिपकागद. लहानपणी ती वर्गात, दुकानात, जिन्यात ऐकलेलं सगळं जसंच्या तसं घरी येऊन म्हणून दाखवायची, म्हणून टिपकागद. दादा स्वतः मात्र बोलायचा. बाप रे, काय बोलायचा. मोटार चालवायला शिकवायचा धंदा, ज्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो तसली गाडी, आणि अर्ध्या शहराला त्याने शिव्या घालून गाडी शिकवलेली. क्लच हळू सोड रे, तो काय तुझ्या सासऱ्याचा पाय आहे का. आरशात बघ, स्वतःला नको बघू, मागे बघ. माणसं त्याच्या शिव्या खायला पैसे द्यायची आणि परवाना मिळाला की पेढ्यासारखी गोड होऊन त्याला भेटायला यायची. मग गेल्या वर्षी एका सकाळी, एका नवशिक्या मुलीला वळण शिकवता शिकवता, त्याचं तोंड वाकडं झालं. त्या मुलीने गाडी कडेला घेतली, नीट, आरशात बघून, आणि इस्पितळाला फोन केला. जीव वाचला. उजवी बाजू हळूहळू बरीचशी आली. बोलणं गेलं ते गेलं. समजायचं सगळं, बातम्या लावल्या की मान हलवायचा, विनोदाला बरोबर जागी हसायचा, पण बोलायला तोंड उघडलं की नुसती हवा. डोळे मोठे व्हायचे, मानेवरची शीर टरारून यायची, आणि मग तो टेबलावर मूठ आपटायचा. बेचाळीस वर्षं ज्या आवाजाने घर भरलेलं होतं तिथे आता ती मूठ.

याच सरकारी विम्यातून त्याला वाचा शिकवणारी मिळाली. आठवड्यातून दोनदा यायची, पोरसवदा, पायात कापडी बूट, पिशवीत चित्रांची पत्त्यांएवढी कार्डं. कप, किल्ली, छत्री. पहिले तीन आठवडे काहीच नाही. चौथ्या आठवड्यात किल्लीचं कार्ड हातातून निसटलं आणि दादाच्या तोंडून एक कडकडीत शिवी बाहेर पडली, स्पष्ट, शुद्ध, चारचौघांत न सांगण्यासारखी. वहिनीने पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय ते तिचं तिलाही कळेना. वाचावाली शांतपणे म्हणाली, "होतं असं. शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात, त्या आधी येतात. आता बाकीचे येतील." आणि आले की. नको. पाणी. दार. मग वहिनीचं नाव, निम्मं. दादा एकेक शब्द असा काढायचा की बघणाऱ्याचा घसा दुखावा, आणि निघाला की तोच तोच चारदा म्हणायचा, कोणी हिसकावून घेईल अशा भीतीने. वहिनीने फ्रीजवर कागद लावला होता, प्रत्येक शब्द त्यावर. अकरा आठवड्यांत त्रेचाळीस झाले. आपली लघुलेखिका मिनिटाला एकशे चाळीस लिहायची. ती रविवारी त्या कागदापुढे उभी राहायची आणि तिला वाटायचं, आपण आयुष्यभर जे लिहिलं ते सगळं मिळूनही या कागदाची सर येणार नाही. आणि हे खरंच होतं, उगाच हळवेपणा नव्हता.

आठ दिवसांपूर्वी पत्र आलं. वहिनीने ते तिच्या हातात दिलं आणि गॅसपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "निधीअभावी खालील ऐच्छिक सेवा स्थगित करण्यात येत आहेत." खालील म्हणजे वाचा शिकवणं, हातापायाचे व्यायाम, कवळ्या, कानाची यंत्रं, गिळायला शिकवणं. ऐच्छिक. जसं काही दादाने हौस म्हणून मागितलं होतं, एखाद्याला वाटतं बुवा, सुट्टीत बासरी शिकू, तसं.

"वन्सं, हे ठरलं कुठे?" वहिनीने न वळता विचारलं.

"समितीपुढे सांगितलं असेल. तीनेक महिन्यांपूर्वी."

"तू जातेस तीच समिती?"

"हो."

"मग तू तर तिथेच होतीस." आता वहिनी वळली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू समोर बसून लिहून घेतलंस आणि तुला कळलं नाही?"

"आम्ही ऐकत नाही, वहिनी. म्हणजे, ऐकतो. पण तसं नाही."

"मग आता सांग त्यांना. रोज समोर बसतेस. पुढच्या आठवड्यात परत सुनावणी आहे म्हणतेस, तर सांग, माझा भाऊ आहे, पैसे वाढवा. बाकी लोक कुठून कुठून पत्रं लिहितात. तू तर हातभर अंतरावर असतेस."

"मला तिथे बोलता येत नाही. नोकरीची अट आहे."

"या घरात एकाला बोलता येत नाही ते पुरेसं आहे," वहिनी म्हणाली आणि कुकर लावायला वळली. दादा आतल्या खोलीत होता. त्याला समजत होतं सगळंच.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ती तळमजल्यावर गेली आणि तीन महिन्यांपूर्वीचा खंड काढला. पान एकशे सत्तर. होतं. तिच्याच हातचं, टंकून, तपासून, सही करून. 'काही ऐच्छिक सेवांचा फेरविचार करावा लागेल, असे सचिवांनी सांगितले.' तिने त्या दिवशी हे लिहिलं होतं आणि मग उपाहारगृहात जाऊन इडली नाही, पोहे नाहीत, नुसता चहा घेतला होता, कारण पोट भरलेलं होतं; एवढंसुद्धा तिला आठवत होतं. वाक्य मात्र आठवत नव्हतं. दादाची वाचा तिच्या हाताखालून गेली होती आणि तिने खालच्या कडेला सही ठोकली होती. कोणावर चिडायचं? सचिवांवर, तर ते पगारी पोपट होते; अध्यक्षांवर, तर ते सह्या करत होते; मास्तरांवर, तर ते कधीच वारले होते. सगळ्यांवर. पण सर्वांत आधी त्या टिपकागदावर, जो सगळं पितो आणि स्वतः कोराचा कोरा राहतो.

"...आणि म्हणून," सचिव म्हणत होते, "राज्याला प्राधान्यक्रम ठरवणं भाग आहे." तिने लिहिलं. पण आज काहीतरी बिघडलं होतं. अर्थ कळत होता. प्रत्येक शब्द डोक्यातून जात होता, उंबरठ्याला अडखळत होता, आणि तरी हात मागे पडत नव्हता. रागाने उलट वेग वाढला होता. मास्तर, तुम्ही खोटं सांगितलंत, असं तिच्या मनात आलं. प्राधान्यक्रम. अहो, प्राधान्यक्रम लावायचाच तर तुमच्या वाक्यांचा लावा, त्यातली निम्मी बंद करा, कोणाचं काही अडणार नाही. एका सदस्याने विचारलं, केंद्राचा वाटा वाढला तर या सेवा चालू राहतील का. सचिव म्हणाले, तत्त्वतः. त्यालाही तिच्याकडे खूण होती. अध्यक्षांनी एका पत्रावर सही केली आणि पुढचं घेतलं.

मग साक्षीदार. शेवटची होती, जेवणाच्या सुट्टीआधीची, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या पोटात कावळे. एका मोठ्या धुलाईकेंद्रात कामाला असलेली बाई, हात कोपरापर्यंत लाल, साबणाने बोटांची टोकं सुरकुतलेली. कागदावर लिहून आणलेलं होतं, पण कागद घडी घालून मुठीतच ठेवला. तिची मुलगी सहा वर्षांची. जन्मतः गिळता येत नव्हतं, नळीने खायची. गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी तिला दोन वर्षं खपून शिकवलं, आधी थेंब, मग चमचा, मग मऊ घास. ती बाई भराभर बोलत नव्हती. धुलाईकेंद्रात यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय असलेल्या माणसासारखी, एकेक शब्द नीट ठेवत होती, आणि त्यात तीन मिनिटं संपत होती. "गिळायला शिकवणाऱ्या बाई येत होत्या," ती म्हणाली, "आणि आता..." घंटी वाजली. कोपऱ्यातल्या माणसाने बटण दाबलं. माइकवरचा लाल दिवा गेला.

बाईला कळलं नाही. कोणी सांगितलंच नव्हतं तिला की दिवा गेला म्हणजे आपण गेलो. ती बोलत राहिली, त्याच संथ आवाजात, आता तो आवाज फक्त हातभर अंतरापर्यंत पोचत होता. वर कागदांची आवराआवर सुरू झाली, एकाने घड्याळ बघितलं, दुसऱ्याने खुर्ची मागे सारली. "आता त्या येणार नाहीत. ती घास तोंडात धरून बसते आणि माझ्याकडे बघते. मला वाटतं, मी शिकवावं. पण मला नाही येत हो. मी कपडे धुते." पेन्सिल थांबलेली असायला हवी होती. एकोणीस वर्षं याच क्षणी ती थांबत आली होती, वहीच्या कडेला टेकून. तिने खाली पाहिलं तर ओळ पुढे चालली होती. मी कपडे धुते. शेवटचं टिंबसुद्धा जागच्या जागी.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या चष्मेवाल्या बाई सदस्यांनी हात वर केला. "अध्यक्ष महोदय, साक्षीदारांचं वाक्य अर्धवट राहिलंय. नोंदीत असं तुटक जाणं बरं दिसत नाही."

अध्यक्षांनी सही पुरी केली. वेळ वाढवून दिली तर जेवण लांबणार, नाही दिली तर चष्मेवाल्या बाई उठून भाषण करणार. त्यांनी मधला मार्ग काढला. असल्या वेळी काढतातच तो: सुनावणीत कोणाला शंका आली की लघुलेखिकेला लिहिलेलं वाचून दाखवायला सांगतात, तेवढाच काय तो तिचा आवाज त्या खोलीत निघतो, आणि तोही सपाट, चढउताराविना, दुसऱ्याचाच. "बाई, साक्षीदाराचं शेवटचं वाक्य वाचा," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे नोंद पुरी झाली असं धरू."

ती उभी राहिली. वही उचलली. "गिळायला शिकवणाऱ्या बाई येत होत्या," तिने सपाट आवाजात वाचलं, "आणि आता त्या येणार नाहीत. ती घास तोंडात धरून बसते आणि माझ्याकडे बघते. मला वाटतं, मी शिकवावं. पण मला नाही येत हो. मी कपडे धुते." इथे वहीतलं संपलं. खालची ओळ कोरी होती. कोपऱ्यातल्या माणसाने मान वर केली, कारण त्याने बटण कुठे दाबलं ते त्याला ठाऊक होतं. ती खाली बसू शकली असती. आधीच नियम मोडला होता, तेवढ्यावर भागलं असतं. तिने पान उलटलं, जणू पुढे आहे, आणि कोऱ्या पानाकडे बघत, त्याच आवाजात, एकही शब्द वर न उचलता वाचत राहिली. "माझ्या भावाने अकरा आठवड्यांत त्रेचाळीस शब्द परत मिळवले. त्यातला एकही ऐच्छिक नव्हता. तुम्ही इथे एका वाक्यात जेवढे शब्द वाया घालवता, तेवढ्यावर त्याला उरलेला जन्म काढायचा आहे. राज्य म्हणतं केंद्र देत नाही, केंद्र म्हणतं राज्याने बघावं, आणि तुम्ही दोघे मिळून एका माणसाचं तोंड बंद करता. तुमच्या हातात आहे. केंद्राचा वाटा वाढवा. तत्त्वतः नको. पैसे द्या."

अध्यक्षांचं पेन पत्रावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, सहा वर्षांत पहिल्यांदा नीट, तोंड कोणाचं आहे ते ओळखू पाहत.

"हे साक्षीदार म्हणाल्या?"

तिच्या घशातून आवाज फुटेना. आपलं वाक्य म्हणून एक तरी बोलायला हवं होतं, आणि ते निघत नव्हतं. मानेवरची शीर तटतटून आलेली तिला जाणवली. कोपऱ्यातला माणूस म्हणाला, "साहेब, ध्वनिमुद्रणात हे नाही. माइक बंद होता." त्याचं बरोबरच होतं. आता नोकरी जाणार, चौकशी होणार, आणि खोटी नोंद म्हणून त्या बाईची साक्षसुद्धा रद्द करतील, हे तिला आत्ता कळलं, एवढ्या उशिरा. स्वतःच्या रागापायी तिने दुसरीच्या पोरीचा घास घालवला होता. ती वही धरून उभी राहिली.

अध्यक्ष साक्षीदाराकडे वळले. "बाई, तुम्ही तर मुलीबद्दल सांगत होतात. हा भाऊ कुठून आला? हे तुम्ही बोललात का?"

धुलाईवाल्या बाईने लघुलेखिकेकडे पाहिलं. हातभर अंतरावरून, वरपासून खालपर्यंत, डाग कशाचा आहे ते ओळखायला कापड बघावं तसं. कोरं पान तर तिला सरळच दिसत होतं. मग तिने मुठीतला कागद मांडीवर ठेवला आणि वर टेबलाकडे तोंड केलं.

"भाऊपण आहे," ती म्हणाली. "सगळं मीच बोलले." आणि पुन्हा लघुलेखिकेकडे वळून, हळू आवाजात, "घ्या लिहून, सावकाश. मला घाई नाही."